मान खाली घातलेला बैल

आमच्या घरी पोळ्याच्या दिवशी ज्वारीच्या कण्या शिजायच्या. क्वार्टरांच्या साऱ्या ओळीतून पुरणाचा वास फिरत असायचा आणि आमच्या शेगडीवर मात्र कण्यांचं पातेलं. सोबत अंबाडीची भाजी, फार तर मिरचीचा ठेचा. एरवी माय हौशी बाई. कुणाच्या घरी काय रांधलं याची तिला खडान्‌खडा माहिती असायची आणि तसंच आपल्या घरी व्हावं असं वाटायचं. पण पोळा म्हटला की ती तोंड मिटून कण्या रांधायची. बाबांचा तसा शब्दच होता. बाबा नियम लावणारे नव्हते, त्यामुळे जे एकदोन नियम त्यांनी लावले होते ते मोडायची कुणाची छाती होत नसे. का, असं मी मायला विचारलं की ती म्हणायची, "आपल्याले बैल नाही, वावर नाही. आपला कायचा पोळा?" मला ते पटायचं. शेत-वावर तर शेजारच्या कुणाचंच नव्हतं, सगळेच खाणीवरचे कामगार, तरी त्यांच्याकडे पुरण कसं, एवढा पुढचा विचार मी तेव्हा करत नव्हते.

राजूरच्या खाणीची ती क्वार्टरं म्हणजे दोन खोल्या, पुढे हातभर अंगण, मागे नाली. सकाळी सगळ्या अंगणांत कोळशाच्या शेगड्या पेटत आणि धूर असा दाटायचा की समोरच्या घरातली बाई खोकल्यावरून ओळखावी लागायची. धुतलेले कपडे वाळेपर्यंत पुन्हा मळत. पाळी बदलायचा भोंगा वाजला की माय हातातलं काम टाकून दाराशी यायची आणि बाबांची टोपी कोपऱ्यावर दिसेपर्यंत तशीच उभी राहायची. बाबा टिंबरच्या कामावर होते. खाणीत खाली जिथे कोळसा काढून पोकळी होते तिथे छत खचू नये म्हणून लाकडी खांब लावतात, ते काम. खांब ठोकला की लाकूड कसं बोलतं, हे ते मला सांगायचे. घरी आल्यावर मात्र ते स्वतः फारसं बोलायचे नाहीत. जेवायचे, भिंतीवरच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायचे आणि अंगणात बाजेवर बसून खोकायचे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आमच्याकडे तो पोरांचा सण. चाकांवरचे लाकडी बैल दोरीनं ओढत पोरं घरोघर हिंडतात. बायका त्या बैलाच्या पायांवर पाणी घालतात, कुंकू लावतात, आणि पोराच्या हातावर बोजारा म्हणून चार पैसे नाहीतर खाऊ ठेवतात. माझा मोठा भाऊ मिलिंद, म्हणजे आमचा दादा, पहिलीत होता त्या वर्षी त्याला बैल हवा झाला. बाबा नाही म्हणाले. दादानं जेवण सोडलं. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला आणि मुसमुसत राहिला, आणि शेवटी त्याला ताप भरला. मी त्याच्याहून बरीच लहान, त्यामुळे यातलं मला आठवतंय किती आणि मायनं सांगितलेलं किती, हे आता वेगळं काढता येत नाही. पण एका दुपारी बाबा पाळीवरून आले ते काखेत खांबाचा तुटका तुकडा घेऊनच, हे मला आठवतं. अंगणात बसून त्यांनी लाकूड तासायची वाकस चालवली, मग पटाशी. छिलके उडत होते आणि मी ते फ्रॉकमध्ये गोळा करत होते. त्याच लाकडाच्या चकत्या कापून चाकं केली. वरून जवसाचं तेल चोळलं. तो वास मला अजून कुठेही आला तर मी थांबते.

इतर पोरांचे बैल बाजारातले. ताठ मानेचे, टपोऱ्या डोळ्यांचे, शिंगांना सोनेरी कागद. आमच्या बैलाची मान खाली होती, जवळजवळ गुडघ्यांपर्यंत आलेली. कान पडलेले. डोळे म्हणजे पटाशीनं मारलेल्या दोन रेघा. दादानं बैल हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "बाबा, याची मान खाली काहून?" बाबा म्हणाले, "बैल अस्साच असते." आणि एवढी ताकीद दिली, की खेळायचं, पूजा करायची नाही, कुणाला कुंकू लावू द्यायचं नाही. दादानं सगळं कबूल केलं. त्यानंतर कितीतरी वर्षं तो बैल त्याच्या उशाशी असायचा. नालीवरच्या फरश्यांवरून त्याच्या चाकांचा खडखडाट आला की माय तव्यावर भाकर टाकायची, कारण दादा घरी येत असायचा.

लोकांना माझा भाऊ माहीत आहे तो फोटोतला. मान किंचित झुकलेली, हात जोडलेले, नजर जमिनीवर, आवाज हळू. अजूनही कुणी मला भेटलं की म्हणतं, "भाऊसाहेब किती साधे, ताई. मान वर करून बोलत नाहीत." मी ऐकून घेते. ज्याला मी ओळखत होते तो दादा मान ताठ ठेवून चालायचा आणि खाणीच्या मॅनेजरसमोर असा ओरडायचा की बाहेर उभ्या असलेल्या लोकांना ऐकू यावं. बाबांच्या जागी तो खाणीत लागला, युनियनमध्ये गेला. एकदा छत खचून त्याच्या पाळीतली माणसं दगावली, तेव्हा त्यानं काम बंद पाडलं. त्याची नोकरी गेली, वर पोलिसांची केस लागली. मग निवडणुकीला उभा राहिला आणि पडला. पुन्हा उभा राहिला, पुन्हा पडला. खाणीची मतं त्याला मिळायची, पण ती मूठभर. आसपासची गावं कापूस-तुरीची, शेतकऱ्यांची. त्यांच्या लेखी तो खाणीतला माणूस होता. दुसरंही काही होता, ते तोंडावर कुणी म्हणत नसे.

दुसऱ्यांदा पडल्यानंतरचे ते महिने मला लिहवत नाहीत, पण लिहिते. दादानं दाढी करणं सोडलं होतं. ताटावर बसायचा आणि घास हातातच राहायचा. बाबांचा खोकला वाढला होता आणि ते खोकले की दादा उठून बाहेर जायचा, जणू खोकला त्याच्यामुळेच येत होता. संध्याकाळी तो कोळशाच्या रेल्वेलाइनीकडे जाऊन बसू लागला. पहिल्यांदा ते मायच्या लक्षात आलं त्या दिवशी तिच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. मग रोजच ती मला मागे पाठवायची. "दादाले चहा देऊन ये, सुमन," म्हणायची आणि बरणीत चहा ओतून द्यायची. मी तेव्हा काही लहान नव्हते, मला कळत होतं ती मला कशाला पाठवते आहे. मी लाइनीपासून थोडी दूर बसायची. कोळशानं भरलेल्या वाघिणी येत, जमीन हादरायची आणि मी दादाच्या पाठीकडे पाहत राहायची. चहा निवायचा. तो कधी प्यायचा, कधी नाही. मी परत आले की माय काही न विचारता माझ्या मागे पाहायची, तो येतो आहे का ते. इतकी भीती मी नंतर आयुष्यात कधी अनुभवली नाही, आणि मी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून बरंच काही पाहिलं आहे.

त्याच सालच्या तान्ह्या पोळ्याला शेजारच्या एका बाईचा लहानगा दाराशी रडत होता, त्याच्याकडे बैल नव्हता. दादा कितीतरी वेळ त्या पोराकडे पाहत राहिला. मग घरात आला, खाटेखालची पेटी ओढली आणि आपला बैल काढून त्या पोराच्या हाती दोरी दिली. पोराला बैल ओढेना, चाकं घट्ट बसली होती. तेव्हा दादानं स्वतः दोरी धरली, पोराला दुसऱ्या हातानं धरलं आणि वाकून वाकून तो बैल क्वार्टरांच्या ओळीतून ओढत नेला. वणीचा एक फोटोवाला पोरांचे फोटो काढायला आला होता. त्यानं तो फोटो घेतला. दाढी वाढलेला उंचापुरा माणूस, वाकलेला, मागे मान खाली घातलेला लाकडी बैल. दोन दिवसांनी तो तिथल्या पेपरात आला. दादाचं नाव खाली बारीक अक्षरांत होतं, पण ते वाचायची गरज पडली नाही. पुढच्या बाजाराला खेड्यांतले लोक त्याला ओळखू लागले. "हा पाहा बैलवाला," म्हणू लागले. दादा घरी येऊन मायला म्हणाला, "माय, आज एका पाटलानं मले थांबोलं अन् हात जोडले." त्या दिवशी तो पोटभर जेवला. माय त्याच्या ताटाकडे पाहत होती आणि तिचे डोळे वाहत होते.

मग अण्णासाहेब आले. पक्षाचे त्या भागातले मोठे माणूस, भरपूर वावर, दारात जीप. आमच्या बाजेवर बसले, चहा मागून घेतला. अर्धाच प्यायला, पण प्यायला. बैल हातात घेऊन त्यांनी बराच वेळ न्याहाळला. "कोणी केला हा?" त्यांनी विचारलं. दादानं बाबांकडे बोट दाखवलं. "कमाल केली, काका," अण्णासाहेब म्हणाले. "साऱ्याइचे बैल मिरवाचे असते. हा राबाचा बैल आहे. राबनारा बैल मान वर नाही करत." मग दादाकडे वळून म्हणाले, "तू या बैलावानी हो. मान खाली, पाय जमिनीवर. मी तुले निवडून आणतो." बाबा उठून मागच्या दाराला गेले आणि नालीपाशी खोकत राहिले.

'मान खाली, पाय जमिनीवर' हे भिंतीभिंतींवर रंगलं. बैल जीपच्या बॉनेटवर बांधला गेला. आणि माझा भाऊ माझ्या डोळ्यांदेखत बदलला. त्यानं ओरडणं सोडलं. हळू बोलायला लागला, इतकं हळू की लोक पुढे झुकून ऐकत. चालताना मान वाकवू लागला. एकदा मी त्याला आरशासमोर पाहिलं, दाढी करून झाल्यावर मान थोडी थोडी खाली घेत, कुठे बरी दिसते ते बघत. मला हसू यायला हवं होतं. मी पाय न वाजवता मागे फिरले. आता डॉक्टर म्हणतात की त्याच्या मणक्यात दोष आहे आणि मान सरळ होणं कठीण आहे. असेल.

फोटो पुरेना, तेव्हा फोटोला गोष्ट लागली. दादा सभेत सांगू लागला, की आमच्या घरी एक बैल होता, तो राबून राबून मेला, आणि त्याच्या आठवणीत वडिलांनी हा लाकडाचा केला. बायका पदरानं डोळे पुसत, शेतकरी मान डोलावत. ही गोष्ट बाबांना कळली ती किराणा दुकानात. दुकानदार म्हणाला, काका, तुमचा बैल गेल्याचं ऐकून लय वाईट वाटलं. बाबांनी घेतलेलं सामान तिथेच ठेवलं आणि घरी आले. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. तुरीचं वरण होतं, माय वाढत होती.

"मिलिंद," बाबा म्हणाले, "आपल्या घरी बैल कधी होता?"

दादानं वर पाहिलं नाही. "नव्हता. अण्णासाहेबानं सांगतलं तसं. लोकाइले पटते, बाबा. कोनाचं काय जाते?"

"तुले माहीत आहे का, या बैलाची मान खाली काहून आहे?"

"राबून..."

"राबून नाही." बाबांनी ताट बाजूला सरकवलं. "तू ज्याले हा बैल देला, त्या पोट्ट्याएवढा होतो मी, तवा तुह्या आज्यासंगं जात होतो. गावात कोनाचं ढोर मेलं का आमाले बलावनं ये. पाय बांधायचे, बांबू घालायचा, खांद्यावर उचलायचं. त्याची मान खाली लोंबे, जमिनीले घासे. ती घासू नये म्हनून मी मानीपाशी चालो. जिता बैल मी कधी हात लावून पाह्यलाच नाही. आमाले लावू देत नव्हते. तू रडला, तवा मी डोये मिटून आठोलं अन् जसा आठोला तसा कोरला. मले दुसरा येतच नव्हता." ते थांबले, श्वास घेतला. "हा मेलेला बैल आहे, बाप्पा. त्याले घेऊन तू कायच्या गोष्टी सांगून राह्यला?"

मायच्या हातात वरणाची पळी तशीच होती. बाबांनी मग आम्हाला आजोबांचं सांगितलं, जे आम्ही कधी ऐकलं नव्हतं. आजोबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, आणि आल्या आल्या त्यांनी तो बांबू कुऱ्हाडीनं फोडला आणि चुलीत घातला. त्या जाळावर आजीनं भाकरी केल्या. यापुढे ढोर ओढणार नाही, असं त्यांनी गावाला सांगितलं. गावानं काम बंद केलं, विहिरीकडची वाट बंद केली. म्हणून बाबा पोरवयात खाणीवर आले. "तेवढं एक काम माह्या बापानं मान वर करून केलं," बाबा म्हणाले. "अन् तू सांगून राह्यला का आपल्या घरी बैल होता."

दादा बोलला तो त्या सभेतल्या आवाजात नाही, जुन्या आवाजात, पण तो फाटलेला होता. "मंग काय सांगू मी त्याइले? हे सांगू? सांगतो. उद्याच सांगतो. एक मत पडनार नाही मले. केस आहे, नोकरी नाही, तुमचा खोकला पाहून मले जेवन जात नाही. या खेपेले पडलो ना, बाबा, तर मी घरी येत नाही. मले शोधाले सुमनले पाठवू नका." म्हणजे चहा घेऊन मी कशाला यायची हे त्याला सगळं माहीत होतं. माय भिंतीला टेकून खाली बसली. बाबा त्याच्याकडे पाहत राहिले, आणि मी बाबांच्या तोंडाकडे. त्यांचा राग माझ्यासमोर विझला आणि त्या जागी दुसरं काहीतरी आलं, जे रागापेक्षा वाईट होतं.

प्रचार संपायच्या आधीची मोठी सभा शेतकऱ्यांच्या एका गावात होती, बाजाराच्या दिवशी, भर दुपारी. अण्णासाहेबांनी जीप पाठवली. बैल करणारे काका स्टेजवर हवेत, असा निरोप होता. मला वाटलं बाबा जाणार नाहीत. त्यांनी धुतलेलं धोतर काढलं, टोपी घातली आणि जीपमध्ये जाऊन बसले. माय आणि मी मागे. स्टेज म्हणजे दोन बैलगाड्या जोडून वर फळ्या टाकलेल्या, मधोमध टेबलावर आमचा बैल. त्याच्या गळ्यात कुणीतरी झेंडूची माळ घातली होती. बाबांना खुर्ची दिली ती बरोबर त्याच्या शेजारी.

दादानं गोष्ट सांगितली. त्याला ती आता पाठ होती. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली न्यायचा, सारं. सांगून झाल्यावर अण्णासाहेबांनी बाबांना माइकपाशी आणलं आणि म्हणाले, दोन शब्द बोला. बाबा माइककडे बघत उभे राहिले. तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक म्हातारा शेतकरी उठला. त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्यानं आपुलकीनं विचारलं, "काका, बैलाचं नाव काय होतं जी?"

ज्यानं हे ऐकलं नाही त्याला कळणार नाही की तो प्रश्न काय होता. आमच्याकडच्या शेतकऱ्याला पोराच्या आधी बैलाचं नाव सांगता येतं. नाव नसलेला बैल नसतो. बाबा त्या नावाशी अडखळले तर त्या शेकडो माणसांना त्याच क्षणी कळणार होतं की या घरात बैल कधी नव्हता, आणि मग बाकीचंही कळणार होतं. अण्णासाहेबांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. दादानं मान वर केली. कितीतरी महिन्यांनी मी त्याची मान वर झालेली पाहिली. तो बाबांकडे पाहत होता, आणि त्याचा चेहरा भिंतीकडे तोंड करून बसलेल्या त्या तापलेल्या पोराचा होता. मायनं माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होते.

"डोमा," बाबा म्हणाले.

डोमा माझ्या आजोबांचं नाव. सभेतल्या कुणाला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. लोकांत खुशीची लाट गेली. "डोम्या," कुणीतरी मागून प्रेमानं म्हणालं, आणि मग सगळीकडून "डोम्या, डोम्या" सुरू झालं. गावानं आजोबांना जन्मभर त्याच नावानं हाक मारली होती, असं मायनं मला नंतर सांगितलं. म्हाताऱ्यानं पुन्हा विचारलं, "कसा होता जी?" बाबांना थांबता आलं असतं. ते थांबले नाहीत. माइकवर त्यांचा श्वास ऐकू येत होता. "लय वजन ओढलं त्यानं," ते म्हणाले. "पोटभर कधी खाल्लं नाही. कोनावर शिंग उगारलं नाही. लोकं त्याले दुरून पानी पाजत. मरतेवेळी मी त्याच्याजवळ नव्हतो, मी खानीत होतो." बायका रडत होत्या, पुरुषसुद्धा रडत होते. मीही रडत होते, आणि एवढ्या गर्दीत कशासाठी रडायचं हे फक्त आम्हा चौघांना ठाऊक होतं. दादानं पुढे होऊन बाबांना धरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना जीपमध्ये बाबा एकदाच बोलले. मायनं काही विचारलं नव्हतं. "मले दुसरं नावच आठोलं नाही," ते म्हणाले.

दादा निवडून आला, आणि मग येतच राहिला. त्यानं खाणीच्या गावाला दवाखाना आणला, गावांना रस्ते आणले. तो वाईट पुढारी नाही, हे मी त्याच्याशी भांडतानाही मान्य करते. तो रेल्वेलाइनीकडे पुन्हा गेला नाही, आणि माय मेली ती निर्धास्त मेली, यासाठी मी त्या बैलाची ऋणी आहे. आता चौकात त्या बैलाचा सिमेंटचा पुतळा आहे, खाली पाटीवर डोम्या असं लिहिलं आहे. पोरं त्याच्या पाठीवर बसून सेल्फी काढतात. माझी नात परवा तिथला फोटो पाठवून विचारत होती, आजी, हा खरंच आपला होता का? मी तिला म्हटलं, ये, सांगते. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हे सगळं लिहायला घेतलं.

निवडणुकीनंतरच्या तान्ह्या पोळ्याचं मात्र सांगायला हवं. त्या वर्षी वणीच्या सुतारांनी मान खाली घातलेले बैल करून विकले. दादाचं घर म्हणून सकाळपासून पोरांची रांग आमच्या दाराशी लागली. दोऱ्या ओढत पोरं येत होती आणि बैलांना म्हणत होती, "चाल रे डोम्या, हट् डोम्या." बाबा आत खाटेवर होते. दार लावून घ्या, असं दादा कुणाला म्हणू शकत नव्हता, अंगणात पक्षाचे लोक होते, फोटोवालाही होता. एक अगदी लहान पोर सरळ आत खाटेपाशी गेलं आणि म्हणालं, "आबा, माह्या डोम्याले पानी घाला."

बाबा उठले. मायनं तांब्या दिला, दुसरं काय करणार ती. बाबा अंगणात आले, उकिडवे बसले आणि त्यांनी त्या पोराच्या बैलाच्या पायांवर पाणी घातलं, सावकाश, चारही पायांवर, जसे दुरून चालून आलेल्या माणसाचे पाय धुवावेत तसे. मग तांब्या बाजूला ठेवला, दोन्ही हात त्या लाकडी पायांवर ठेवले आणि कपाळ टेकलं. बराच वेळ ते तसेच होते. त्यांची पाठ हलत होती. कुणीतरी म्हणालं, पाहा, किती श्रद्धा. फोटोवाल्यानं फोटो घेतला. तो दुसऱ्या दिवशी पेपरात येणार आणि दादाच्या ऑफिसात आजही मोठा करून लावलेला असणार, हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं नाही.

पौर्णिमेला बाबा नेहमीप्रमाणे विहारात गेले. मी सोबत होते, त्यांना आता एकट्याला चालवत नव्हतं. आयुष्यभर ज्यांच्या मांडीला मांडी लावून ते वंदनेला बसले, त्यांच्यापैकी कुणी सरकून जागा दिली नाही. वंदना झाल्यावर खाणीतले त्यांचे एक जुने सोबती, ज्यांना बांबूची गोष्ट ठाऊक होती, उभे राहिले आणि म्हणाले, "तुमच्या बापानं बांबू जाळला होता, अन् तुमी नंदीच्या पाया पडता?" बाबांना सगळं सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर आम्ही दाराबाहेर पडायच्या आत ते अण्णासाहेबांपर्यंत आणि गावोगाव पोचलं असतं. त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला.

"मी बैलाच्या पाया पडलो नाही," ते म्हणाले.

सगळ्यांच्या मधोमध सतरंजीवर तो पेपर उघडा पडला होता, आणि त्यात फोटो होता.